खेळाला पोरखेळ म्हणू नका

रुग्णालयातल्या मावशी-मामांना आणि वृद्धाश्रमातल्या सेविकांना संसर्ग रोखण्याचे धडे खेळातून द्यावेत, असे म्हटले की तीन आक्षेप हमखास येतात. विषय जिवाशी निगडित आहे, त्याचा पोरखेळ होईल. मोठ्या माणसांना खेळायला बसवणे हा त्यांचा अपमान आहे. आणि खेळात जिंकलेली बाई वॉर्डातही तशीच वागेल, याची हमी काय?

पहिला आक्षेप उलटाच लागू पडतो. विषय जिवाशी निगडित आहे, म्हणूनच चुका रुग्णापासून दूर व्हायला हव्यात. हातमोज्यांना ओला रंग फासा आणि ते काढायला सांगा. मनगटावर उठलेला डाग तासभराच्या व्याख्यानापेक्षा अधिक शिकवतो. हात धुताना अंगठा आणि बोटांची टोके वारंवार सुटतात, हे एल. जे. टेलर यांनी १९७८ साली परिचारिकांच्या अभ्यासातून दाखवले. त्या तर प्रशिक्षित होत्या. हात धुवावेत हे त्यांना ठाऊक होते. कुठे राहून गेले, ते डोळ्यांना दिसत नव्हते. अतिनील दिव्याखाली चमकणारे मलम चोळून हात धुवायला लावणारा खेळ नेमके तेच दाखवतो.

अपमानाचे म्हणाल, तर भिंतीवर तक्ता चिकटवून हजेरीपटावर सही घेण्यात तो जास्त आहे. खेळात सेविकेला स्वतः विचार करावा लागतो. चिठ्ठी निघते : ‘रुग्णाला हात लावला नाही, फक्त खाटेचा कठडा धरला. हात स्वच्छ करायचे का?’ होय; जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या पाच प्रसंगांपैकी हा एक. दुसरी चिठ्ठी : ‘क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलमुळे जुलाब झालेल्या आजींना स्वच्छ केले. सॅनिटायझर पुरेल?’ नाही, या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, साबण-पाणीच हवे. त्यावर वाद होतो, अनुभव बोलू लागतो, आणि एरवी गप्प बसणारी मावशी दुसरीला समजावते.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. एकीच्या अंगावर अख्खा वॉर्ड टाकला, बेसिन लांब आणि साबण संपलेला, तर कुठलाही खेळ निरुपयोगी. म्हणून माझा आग्रह अटींसह आहे. खेळ कामाच्या पगारी वेळेत व्हावा. तो मराठीत आणि चित्रांतून असावा, म्हणजे वाचायला अडखळणारीही मागे राहणार नाही. गुणांवरून कुणाला दटावू नये. आणि नंतर प्रत्यक्ष वॉर्डात काय बदलले, ते पाहावे.

असा खेळ व्यवस्थापनाचीही परीक्षा घेतो. सगळ्यांची उत्तरे बरोबर आली आणि तरीही वॉर्डात हात धुतले गेले नाहीत, तर दोष मावशींच्या अज्ञानावर ढकलता येणार नाही. तेव्हा वरिष्ठांनी वॉर्डातली बेसिने, साबण आणि माणसे मोजायला घ्यावीत.