चाक मोठे, पल्ला छोटा

विजेवर चालणारी मोटार घ्यायला निघालेला ग्राहक तीन प्रश्न हमखास विचारतो : बॅटरी किती किलोवॉट-तासांची आहे, एकदा चार्ज केल्यावर गाडी किती किलोमीटर धावते आणि चार्जिंगला किती वेळ लागतो. चाकांविषयी त्याची चौकशी अलॉय आहेत का आणि केवढे मोठे आहेत, एवढ्यावरच संपते. मोठे चाक म्हणजे वरच्या दर्जाची गाडी, हे समीकरण पेट्रोलच्या जमान्यात रूढ झाले आणि विजेच्या जमान्यातही ते तसेच चालत आले आहे. वास्तविक विजेच्या मोटारीत चाक, टायर आणि सस्पेन्शन यांची निवड हा शोभेचा प्रश्न उरत नाही. गाडीचा पल्ला, आतल्या माणसांची सुखसोय आणि काही अंशी त्यांची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात.

याचे बोलके उदाहरण ह्युंदाई कंपनीच्या आयोनिक ६ या मोटारीचे आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ च्या मॉडेलसाठी प्रमाणित केलेल्या आकड्यांनुसार, मागच्या चाकांना गती देणारी आणि १८ इंची चाके असलेली आवृत्ती एका चार्जमध्ये ३६१ मैल, म्हणजे सुमारे ५८१ किलोमीटर धावते. तीच ७७.४ किलोवॉट-तासांची बॅटरी आणि तशीच मोटर असलेल्या, परंतु २० इंची चाकांच्या महागड्या आवृत्तीचा पल्ला ३०५ मैल, म्हणजे सुमारे ४९१ किलोमीटर भरतो. फरक ९० किलोमीटरचा, म्हणजे १५ टक्क्यांहून अधिक आहे. दोन्ही आवृत्त्यांच्या साजसामानात थोडेफार अंतर असले, तरी एवढी तफावत पाडणारा मुख्य घटक चाकेच आहेत. थोडक्यात, ज्याने जास्त पैसे मोजले त्याच्या वाट्याला कमी पल्ला आला.

असे का होते, हे समजण्यासाठी ऊर्जेचा हिशेब पाहावा लागतो. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेची मोटर मात्र मिळालेल्या विजेचा बहुतेक भाग चाकांपर्यंत पोहोचवते. साहजिकच एकूण खर्चात टायर आणि हवा यांच्या विरोधाचा वाटा ठळकपणे उठून दिसतो. टायर फिरताना जमिनीला टेकणारा त्याचा भाग सतत दबतो व सुटतो आणि त्यात रबर तापते. या विरोधाला तंत्रज्ञ रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. समजा, प्रवाशांसह गाडीचे वजन १६०० किलो आहे. टायरचा विरोध-गुणांक ०.००७ असेल, तर केवळ टायर फिरवण्यात दर किलोमीटरला सुमारे ३० वॅट-तास वीज खर्च होते. गुणांक ०.०१० असेल, तर हाच खर्च सुमारे ४४ वॅट-तासांवर जातो. दर किलोमीटरला १३० वॅट-तास वीज वापरणाऱ्या आणि ४० किलोवॉट-तासांची बॅटरी असलेल्या गाडीचा पल्ला एवढ्या एका फरकाने सुमारे ३० किलोमीटरनी घटतो. मुंबईहून पुण्याला जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्यासाठी हे अंतर नगण्य नाही.

दुसरा विरोध हवेचा. वेग दुप्पट झाला की हा विरोध चौपट होतो, त्यामुळे शहरात तो फारसा जाणवत नाही, द्रुतगती मार्गावर मात्र तोच प्रमुख ठरतो. फिरती चाके आणि त्यांभोवतीच्या पोकळ्या गाडीच्या एकूण वायुविरोधात मोठी भर घालतात. रुंद टायर हवेला अधिक अडवतो आणि मोकळ्या, नक्षीदार रिममधून हवेचे भोवरे उठतात. टेस्लाने मॉडेल ३ च्या १८ इंची चाकांवर सपाट प्लॅस्टिकची झाकणे बसवली, ती याच कारणासाठी. अनेक मालकांना ती कुरूप वाटतात आणि ते काढून टाकतात, पण महामार्गावर वीज वाचवण्याचे काम तीच झाकणे करीत असतात.

तिसरा मुद्दा वजनाचा. जड चाकाला गती द्यायला अधिक ऊर्जा लागते, हे खरे असले तरी विजेची गाडी वेग कमी करताना त्यातील काही ऊर्जा बॅटरीत परत घेते. टायर तापण्यात आणि हवा कापण्यात गेलेली ऊर्जा मात्र कधीच परत येत नाही. म्हणून हलके अलॉय बसवून पल्ला वाढेल, ही बाजारातील समजूत अर्धवट आहे. हलके चाक रुंद आणि मोकळ्या रचनेचे असेल, तर मिळकतीपेक्षा खर्चच जास्त होतो.

सुखसोयीचा हिशेबही याच मापांत दडलेला आहे. आयोनिक ६ च्या १८ इंची रिमवर २२५/५५ मापाचा टायर येतो, तर २० इंची रिमवर २४५/४० मापाचा. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, सुमारे ७०४ मिलिमीटर आहे. रिम मोठा झाला तेवढी रबराची भिंत आखूड झाली. पहिल्या टायरची भिंत १२४ मिलिमीटर आहे आणि दुसऱ्याची अवघी ९८. खड्ड्याचा पहिला दणका ही भिंतच झेलत असते. तिच्यातून एक इंच कमी झाला की तो दणका रिमला, स्प्रिंगला आणि शेवटी प्रवाशाच्या पाठीला सोसावा लागतो. पावसाळ्यात महाराष्ट्रातील शहरांच्या रस्त्यांची जी अवस्था होते, ती पाहता आखूड भिंतीच्या टायरला फुगा येणे किंवा रिम वाकणे यात नवल ते काय ? महिंद्राच्या चाकणमध्ये तयार होणाऱ्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर झालेल्या बीई ६ या मोटारीला १९ इंची चाकांबरोबर २० इंची चाकांचाही पर्याय आहे. असे पर्याय निवडताना शोरूमच्या गुळगुळीत फरशीपेक्षा रोजच्या रस्त्याचा विचार करणे श्रेयस्कर.

यात गाडीच्या भाराचीही भर पडते. बॅटरीमुळे विजेची मोटार तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल मोटारीपेक्षा काहीशे किलोंनी जड असते. तो भार पेलण्यासाठी स्प्रिंग ताठ ठेवाव्या लागतात आणि टायरमधील हवेचा दाबही अधिक ठेवावा लागतो. बदली टायर घेताना भार-निर्देशांक पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. टायरवरील ९१ हा आकडा म्हणजे एका टायरची क्षमता ६१५ किलो आणि ९५ म्हणजे ६९० किलो. माप तेच आहे म्हणून कमी निर्देशांकाचा स्वस्त टायर घालणे हे सुरक्षिततेशी खेळणे आहे. शिवाय इंजिनाचा आवाज नसल्याने टायरची घरघर अधिक कानांवर येते. ती कमी करण्यासाठी काही टायरांच्या आत फोमचा थर चिकटवलेला असतो. अशा टायरचे पंक्चर काढणे सामान्य दुकानदाराला किचकट जाते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

टायर बदलल्यावर पल्ला घटल्याची तक्रार अनेकदा ऐकू येते. तीत तथ्य आहे, पण दोष दर वेळी नव्या कंपनीचा नसतो. झिजलेल्या टायरचा विरोध नव्या टायरपेक्षा कमी असतो, त्यामुळे त्याच बनावटीचा नवा टायर घातला तरी आरंभी वीज थोडी अधिक लागते. कमी विरोधाचा टायर ओल्या रस्त्यावर घसरतो, ही समजूतही आता पूर्णपणे खरी नाही. १९९० च्या दशकात रबरात सिलिका मिसळण्याचे तंत्र रुजल्यापासून दोन्ही गुण बऱ्याच अंशी एकत्र साधता येतात. मात्र त्याची किंमत मोजावी लागते.

सस्पेन्शनमधील बदल हा याहून नाजूक विषय आहे. आखूड स्प्रिंग घालून गाडी खाली बसवली, तर तिच्याखालून जाणारी हवा कमी होते आणि महामार्गावर थोडी वीज वाचते. हवेच्या सस्पेन्शनच्या काही उंची गाड्या वेग वाढला की याच तत्त्वाने स्वतःहून खाली येतात आणि खराब रस्त्यावर पुन्हा वर उठतात. आखूड स्प्रिंग घातलेली गाडी मात्र कायमची खालीच राहते. तिच्या तळाशी प्रवाशांच्या पायांखाली बॅटरी असते आणि ती गाडीतील सर्वांत महागडी वस्तू आहे. बेमाप उंचीच्या गतिरोधकांच्या देशात तिला जमिनीच्या जवळ नेणे शहाणपणाचे म्हणता येणार नाही. उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात. अलाइनमेंट नीट करून घेतले नाही, तर चाके किंचित आतबाहेर वळून रस्त्यावर घासत चालतात. त्यामुळे टायर लवकर झिजतात आणि वाचवलेली वीजही खर्ची पडते. याउलट दर्जेदार शॉकअॅब्सॉर्बर बसवल्याने आराम वाढू शकतो आणि पल्ल्यावर त्याचा विशेष परिणाम होत नाही.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांत फरक पडेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे दिला. म्हणून कंपनीने त्या मॉडेलसाठी मंजूर केलेल्या मापांतच राहणे निर्धोक. त्याबाहेर गेल्यास वॉरंटी आणि विम्याचा दावा, दोन्ही अडचणीत येऊ शकतात.

ग्राहकाने सावध राहावे हे खरेच, पण त्याला पुरेशी माहिती मिळते का, हाही प्रश्न आहे. टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांच्या मर्यादा केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचित केल्या. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने टायरसाठी तारांकनाची योजनाही ऐच्छिक स्वरूपात सुरू केली. तरीही टायरच्या दुकानात संभाषण किमतीवर सुरू होते आणि किमतीवरच संपते. युरोपात मे २०२१ पासून टायरवर ए ते ई अशा श्रेणींचे सुधारित लेबल असते आणि ते पाहून सामान्य माणूसही तुलना करू शकतो. मोटारींच्या जाहिरातीत पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या चाचणीतील पल्ल्याचा बहुधा एकच आकडा झळकतो. तो कोणत्या चाकांवरचा आहे, हे ग्राहकाला कळत नाही. अमेरिकेतील ग्राहक चाकांनुसार वेगवेगळा पल्ला पाहून निर्णय घेऊ शकतो, मग येथील ग्राहकाला ती सोय का नसावी ? मोठ्या चाकाची हौस ज्याला करायची त्याने ती जरूर करावी, परंतु त्यासाठी किती किलोमीटर मोजावे लागतील हे त्याला गाडी नोंदवण्यापूर्वी समजले पाहिजे. तोवर लहान चाक, योग्य निर्देशांकाचा कमी विरोधाचा टायर आणि महिन्यातून दोनदा तपासलेली हवा, हाच पल्ला राखण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.