भारमानात न बसणाऱ्या मुली

मैत्रिणींनो, एसटीच्या आगारात ‘भारमान’ हा शब्द सारखा कानावर येतो. गाडीतली शेकडा किती आसनं भरली, ते भारमान. ४४ आसनांच्या गाडीत २२ प्रवासी असले तर ५० टक्के. जोडीला किलोमीटरमागे उत्पन्न किती आणि लिटरभर डिझेलमध्ये गाडी किती धावली, हेही बघतात. आपल्या गावची फेरी तोट्याची की फायद्याची, ते या आकड्यांवरून ठरतं.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट झालं. उरलेले निम्मे पैसे सरकार महामंडळाला देतं. गाड्या भरभरून जायला लागल्या, आकडे सुधारले. छानच झालं! पण कोविडच्या आधी महामंडळाकडे १८ हजारांच्या आसपास गाड्या होत्या. पुढच्या काही वर्षांत जुन्या गाड्या भंगारात गेल्या, नव्या मात्र त्या वेगानं आल्या नाहीत. गाड्या कमी आणि प्रवासी जास्त, म्हटल्यावर भारमान वाढणारच की! जिला चढायलाच मिळालं नाही, ती स्टँडवर पिशवी घेऊन उभी राहिलेली बाई कुठल्या रकान्यात लिहायची? तिचं तिकीटच फाटलेलं नसतं.

आता डिझेलचा हिशेब बघू, आपण घरात गॅसचा बघतो तसा. साधी एसटी लिटरला साधारण ५ किलोमीटर जाते. ४४ माणसं बसली तर एका लिटरमध्ये माणशी धरून २२० किलोमीटरचा प्रवास होतो. मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर देते असं धरलं, तरी दोघांचे मिळून १०० होतात. म्हणजे भरलेली एसटी खिशाला आणि हवेलाही परवडते. पण गाडीत आठच माणसं असतील तर हिशेब ४० वर येतो, मोटारसायकलपेक्षाही कमी. हे मान्य करायला हवं. आगारवाले रिकाम्या फेरीवर चिडतात ते उगाच नाही.

पण त्या आठजणांत कोण असतं? आमच्या तालुक्यात एका गावची मुक्कामी गाडी ‘भारमान नाही’ म्हणून बंद झाली. संध्याकाळी येणारी आणि पहाटे निघणारी तीच एक गाडी होती. पोरांनी मोटारसायकली काढल्या. मुलींना मात्र घरून, “अंधारात कुणाच्या मागे बसून यायचं नाही,” असं बजावलं गेलं. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो. पास दप्तरात आहे, गाडी नाही!

मला विचाराल तर अशा फेरीचा हिशेब वेगळा मांडावा. ती नसेल तर किती मुलींची शाळा सुटेल, किती बायकांची दवाखान्याची खेप बुडेल, किती जणी दुप्पट पैसे मोजून वडापमध्ये कोंबून जातील, हे त्यात यावं. गाडी फारच रिकामी जात असेल तर लहान गाडी सोडा, वेळ शाळेशी जुळवा. फेरीवर थेट काट मारणं सोपं आहे, पण तो खर्च दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत चढतो.

आगार व्यवस्थापकांकडे अर्ज देताना नुसतं ‘गैरसोय होते’ असं लिहू नका. बचत गटाच्या बैठकीत आठवडाभराची वही करा. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती जणी थांबल्या, त्यात पासवाल्या मुली किती आणि गाडी आली की नाही, एवढंच लिहा. त्यावर ग्रामसभेचा ठराव घ्या आणि अर्जाची पोच मागायला विसरू नका.