कंदिलाचा ताळेबंद

बाजारात आकाशकंदील तयार मिळत असताना तो घरी करत बसणारा माणूस एक तर रिकामटेकडा असतो किंवा बायकोशी भांडलेला असतो, असे आमच्या ब्रँचमधले एकमुखी मत आहे. मी दोन्हींत बसत नाही. (दुसरे कलम घरी वादग्रस्त आहे.) तरीही दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी हॉलभर कामट्या पसरतो आणि विकतच्या कंदिलाला माझा जाहीर विरोध आहे.

विरोधकांचा पहिला मुद्दा खर्चाचा. तो नेमका बी. कॉम. माणसापुढे काढावा, याचे हसू येते. घ्या लिहून : बांबू ८० रुपये, पतंगाचा कागद ६०, दोरा २०, कापलेल्या बोटाची पट्टी १०. एकूण १७०. मैदा घरचाच, पण पहिली खळ करपली म्हणून पातेले घासण्याचा आकार हिने वेगळा लावला. विकतचा कंदील दीडशेला. म्हणजे तोटा आहे, कबूल! पण नफातोट्यावरच घर चालवायचे ठरले, तर आधी मलाच घराबाहेर काढावे लागेल.

दुसरा मुद्दा वेळेचा. चांदणीला लागतात दहा लांब कामट्या आणि पाच आखूड. पाच लांब कामट्यांची एक चांदणी, अशा दोन. त्यांची टोके एकमेकांना बांधायची आणि आतल्या पाच कोपऱ्यांत आखूड तुकडे अडकवून पोट फुगवायचे. झाले! सांगायला अर्धा मिनिट, करायला अख्खा रविवार. कारण एक कामटी बोटभर कमी पडली की सगळी चांदणी लंगडते. बँकेतला ट्रायल बॅलन्स आता संगणक जुळवतो. कामट्या जुळवायला तो येत नाही.

पण माझा खरा राग आहे तो 'स्वतः करा' असे छापलेल्या खोक्यावर. आत सगळे कापलेले, भोके पाडलेले, वर नंबर टाकलेले. म्हणजे दुसऱ्याने भरलेल्या स्लिपवर आपण फक्त सही करायची! शाळेतला 'प्रोजेक्ट' तर त्याहून सवाई. रात्री अकरा वाजता बाप कापतो, आई रंगवते आणि सकाळी मुलाला 'उत्कृष्ट' शेरा. खाते एकाचे, सही दुसऱ्याची. या प्रकाराला आमच्याकडे फार वाईट शब्द आहे आणि त्यापायी नोकरी जाते.

आता वाचकहो, एक कबुली. गेल्या वर्षी चिरंजीव कागद चिकटवत होते आणि त्याला सुरकुत्या पडत होत्या. "आण इकडे!" म्हणून मी तो हातातून ओढून घेतला. पोरगा काही बोलला नाही. उठला आणि टीव्हीपुढे जाऊन बसला. कंदील सुरेख झाला, बिल्डिंगभर वाखाणला गेला. तो बघायला चिरंजीव मात्र खाली उतरले नाहीत.

मला माझे वडील आठवले. नवव्या वर्षी मी केलेला कंदील एका अंगाला इतका कलला होता, की वाऱ्याशिवायही वारा आहे असे वाटे. वडिलांनी तो चाळीच्या गॅलरीत, अगदी जिन्यासमोर टांगला. आत ४० वॅटचा दिवा. दुसऱ्या रात्री कागद तापून करपला. "उद्या ठिगळ लाव," एवढेच म्हणाले. स्वतः हात लावला नाही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून तो ठिगळासकट दाखवला. आज कळते, त्यांचे हात किती शिवशिवले असतील!

यंदा मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. चिरंजीवांनी एकट्याने कंदील केला. चार टोके झकास, पाचवे शेजाऱ्यांच्या खिडकीकडे वळलेले.

"अहो, ते टोक तिकडे काय बघतंय?" ही म्हणाली.

चिरंजीव मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाबा, पुढच्या वर्षी सरळ करू."

विकतच्या कंदिलाबद्दल असे वाक्य मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. तोटा रुपये २० आणि एक पातेले. बाकी शिल्लक पुढच्या पानावर ओढली आहे.