रॉकेट उडालं की टाळ्या, पण नंतरचं काय?

मार्च २०२४ मध्ये नासाच्या बजेटमध्ये एक प्रस्ताव आला. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीला वर्षाला साधारण ६.८ कोटी डॉलर मिळायचे, ते थेट ४.१ कोटींवर आणायचे. कारण काय, तर दुर्बीण जुनी झालीय, सांभाळायला अवघड जाते. १९९९ पासून अवकाशात असलेली ही दुर्बीण तेव्हाही उत्तम काम करत होती. नाव कुणाचं? आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं. खगोलशास्त्रज्ञांनी जोरदार विरोध केला म्हणून निदान चर्चा तरी झाली.

तुम्ही म्हणाल, त्यांची दुर्बीण, त्यांचे डॉलर, आपल्याला काय? सांगतो.

क्ष-किरण आपल्या वातावरणात अडतात. बरंच आहे ते, नाहीतर आपलं काही खरं नव्हतं. पण त्यामुळे जमिनीवर कितीही मोठी दुर्बीण बांधा, हे आकाश दिसत नाही. १८ जून १९६२ ला रिकार्डो जियाकोनी आणि सहकाऱ्यांनी एक छोटं रॉकेट सोडलं. चंद्रावरून क्ष-किरण येतात का, एवढंच बघायचं होतं. वातावरणाबाहेर मिळाली जेमतेम सहा मिनिटं. चंद्र राहिला बाजूला आणि सापडला वृश्चिक राशीतला एक भलताच तेजस्वी स्रोत. एक नवं शास्त्र तिथून सुरू झालं. जियाकोनींना २००२ मध्ये नोबेल मिळालं.

तो स्रोत म्हणजे न्यूट्रॉन तारा. वस्तुमान सूर्याहून जास्त आणि व्यास साधारण चर्चगेट ते अंधेरी एवढा! तो शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो. तो वायू पडता पडता कोट्यवधी अंश तापतो आणि क्ष-किरण फेकतो. कृष्णविवर स्वतः दिसत नाही, पण त्यात पडणारा वायू असाच चमकतो. सिग्नस एक्स-१ हे सूर्याच्या सुमारे २१ पट वस्तुमानाचं कृष्णविवर असंच सापडलं.

आता आपल्याकडे या. २८ सप्टेंबर २०१५ ला इस्रोने ॲस्ट्रोसॅट सोडला. खर्च १७८ कोटी रुपये. कुलाब्याची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका यांचा त्यात मोठा वाटा. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी एक तारा फुटताना पाहिला होता. त्याच्या अवशेषातला पल्सार आजही सेकंदाला तीसेक वेळा गरगर फिरतोय. त्याच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण कसं बदलतं, ते ॲस्ट्रोसॅटने मोजलं आणि जुन्या सिद्धांतांना कोड्यात टाकलं. २०१७ मध्ये ते नेचर ॲस्ट्रॉनॉमीत छापून आलं.

पण हे एका दिवसात झालं नाही. दीड वर्ष पुन्हा पुन्हा त्याच पल्सारकडे बघावं लागलं. माझा मुद्दा नेमका हाच आहे. उड्डाणाच्या दिवशी टीव्हीवर काउंटडाउन, नेत्यांचे ट्वीट, सगळं होतं. विज्ञान मात्र त्यानंतरच्या कंटाळवाण्या वर्षांत घडतं आणि कात्री नेमकी तिथेच लागते. तिकडे चालू दुर्बिणीला लागते. इकडे फेलोशिप वेळेवर मिळावी म्हणून संशोधक विद्यार्थ्यांना आंदोलनाला बसावं लागतं. आकडे वाचणारं कुणी उरलं नाही तर उपग्रह काय नुसता फिरवायचा?

"देशात शाळा गळतायत आणि तुम्हाला कृष्णविवरं सुचतात?" हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. शाळा दुरुस्त व्हायलाच हव्यात. पण ॲस्ट्रोसॅटचे १७८ कोटी वाचवून त्या झाल्या असत्या, असं मानणं भाबडेपणाचं आहे. शाळा गळतात त्या वेगळ्या कारणांनी, ती तुम्हालाही माहीत आहेत.

ॲस्ट्रोसॅटचं नियोजित आयुष्य पाच वर्षांचं होतं. ते केव्हाच संपलं. आयआयटी मुंबईच्या पुढाकारातून 'दक्ष' नावाच्या दोन उपग्रहांचा प्रस्ताव मांडला गेलाय. पृथ्वीच्या दोन बाजूंना राहून ते सगळं आकाश एकाच वेळी बघतील. पुढच्या उड्डाणाला टाळ्या जरूर वाजवा. पण आपल्या खासदाराला एवढंही विचारा : उडाल्यावर पुढची दहा वर्षं पैसे कोण देणार?