न सुटलेल्या कोड्यांच्या बाजूने

अद्भुतकथेतल्या जगाचे एखादे रहस्य शेवटपर्यंत उलगडले नाही, तर त्याचा अर्थ लेखकाला उत्तर सुचले नाही एवढाच होतो, असे मत मराठीच्या अध्यापकवर्गात बऱ्यापैकी रूढ आहे. ते रहस्य संगणकावरच्या खेळातले असेल तर मत मांडण्याचीही गरज कोणाला भासत नाही. खेळ तो, त्यात वाङ्मयीन काय असणार? एका चर्चासत्राच्या मधल्या सुटीत हे दोन्ही शेरे मी चहाच्या एकाच पेल्याबरोबर ऐकले. शेरे मारणारे गृहस्थ ऐतिहासिक कादंबरीचे अभ्यासक होते, ही गोष्ट मला विशेष सूचक वाटली. का, ते पुढे येईलच.

ज्यांचा या खेळांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. 'द एल्डर स्क्रोल्स' ही बेथेस्डा या अमेरिकन कंपनीची खेळमालिका १९९४ मध्ये सुरू झाली. तिचा तिसरा भाग, 'मॉरोविंड', २००२ साली आला. या खेळात इतिहास सांगणारा सर्वज्ञ निवेदक नाही. घरांत, देवळांत, दुकानांत, थडग्यांत पुस्तके पडलेली असतात, ती उघडून वाचायची. त्यांचे लेखक त्याच जगातले: कोणी पुरोहित, कोणी प्रवासी, कोणी दरबारी इतिहासकार, कोणी धर्मपीठाने वाळीत टाकलेला. प्रत्येकाला काहीतरी सांगायचे आहे आणि प्रत्येकाला काहीतरी झाकायचे आहे.

या जगात ड्वेमर नावाची एक जमात होऊन गेली. यंत्रविद्येत निष्णात, देवांना न जुमानणारी. पहिल्या युगाच्या सातशेव्या वर्षी, रेड माउंटनच्या लढाईत, ही जमात एका क्षणात नाहीशी झाली. रणांगणावरचे सैनिक गेले, तसे दूरच्या नगरांतले लोकही गेले. मागे राहिली रिकामी शहरे आणि अजून चालणारी यंत्रे. त्यांचा प्रमुख कारागीर कॅग्रेनॅक याने एका मृत देवाच्या हृदयावर आपली हत्यारे चालवली, इथवर बहुतेक साक्षीदारांचे एकमत आहे. पुढे काय? कोणी म्हणते सगळे भस्म झाले, कोणी म्हणते त्यांना हवे असलेले अमरत्व मिळाले, कोणी म्हणते ते सारे मिळून एका पितळी महापुतळ्याची कातडी झाले. खेळणाऱ्याला शेवटचा जिवंत ड्वेमर भेटतो. याग्रम बगार्न त्याचे नाव. रोगाने फुगलेला, एका मांत्रिकाच्या तळघरात पडून असलेला. आता उत्तर मिळणार, असे वाटते. पण त्या क्षणी तो दुसऱ्याच लोकात गेलेला होता. परतला तेव्हा कोणीच उरले नव्हते. तर्क त्याच्यापाशी आहेत, साक्ष नाही. एकुलता एक वाचलेला माणूस आणि तोच नेमका गैरहजर! ही रचना उत्तर न सुचलेल्या माणसाची नव्हे.

याच लढाईनंतर नेरेवार हा सेनापती मेला. धर्मपीठ सांगते, तो जखमांनी मेला. रानोमाळ भटकणाऱ्या टोळ्यांची परंपरा सांगते, त्याच्या तीन जवळच्या माणसांनी त्याला ठार केले, त्या हृदयातून शक्ती उपसली आणि ते स्वतः देव होऊन बसले. त्या तिघांपैकी व्हिवेक खेळणाऱ्याला समोरासमोर भेटतो, आपली बाजू मांडतो आणि आरोप नाकारतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे आपण ठरवायचे. गंमत पुढेच आहे. खेळणारा हा नेरेवारचाच पुनर्जन्म आहे असे भाकीत आहे, आणि ते भाकीत खरे की राजकीय सोय, हेही संदिग्ध ठेवलेले आहे. म्हणजे आपलाच खून झाला की नाही, हे ज्याला कळत नाही असा नायक. गेल्या पंचवीस वर्षांतल्या किती मराठी कादंबऱ्यांच्या नायकांपुढे या तोलामोलाचा प्रश्न आहे, हे सन्माननीय अभ्यासकांनी सांगावे.

मी खर्ड्यात राहतो. जामखेड तालुक्यातल्या या गावाला लागून एक चौरस दगडी किल्ला आहे. ११ मार्च १७९५ रोजी इथल्या परिसरात पेशव्यांच्या आणि निजाम अलीच्या फौजा भिडल्या. दिवसाच्या लढाईत निजामाचे सैन्य पुरते मोडलेले नव्हते. ते मोडले रात्री. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात दिलेली हकिकत अशी की, घोड्यांसाठी पाणी शोधत निघालेली मराठ्यांची एक लहान तुकडी ओढ्याकाठी निजामाच्या लोकांना अवचित भेटली, गोळी सुटली, अंधारात रेमंडच्या पलटणींनी बार काढले आणि बघता बघता सगळ्या छावणीत गोंधळ माजला. निजाम अली या किल्ल्यात शिरला तो कोंडला गेला. निजामाच्या जनानखान्याची घबराट हेही कारण सांगितले जाते. एवढ्या मोठ्या फौजेचा धीर ओढ्याकाठच्या एका गोळीने सुटला, की तो आधीच आतून सुटलेला होता? किल्ला काही सांगत नाही.

या विजयाचे श्रेय ज्याच्या नावावर जमा झाले तो सवाई माधवराव तेव्हा एकवीस वर्षांचाही नव्हता. त्याच वर्षी, २५ ऑक्टोबरला, तो शनिवारवाड्यात वरून खाली पडला आणि २७ तारखेला वारला. तापाच्या भरात तोल गेला, की नाना फडणीसांच्या धाकाला कंटाळून त्याने उडी घेतली? दोन्ही मते मांडली गेली आहेत. त्याच्या जन्माचीही तीच कथा. बाप नारायणराव ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांच्या हातून मारला गेला आणि मुलगा जन्मला १८ एप्रिल १७७४ ला. बापाच्या खुनापासून मुलाच्या पडण्यापर्यंत सगळे पूर्ववृत्त असे प्रश्नचिन्हांनी भरलेले आहे.

आणि आपण त्याचे काय केले? 'ध'चा 'मा' केला. राघोबाने 'धरावे' असे लिहिले आणि आनंदीबाईने त्याचे 'मारावे' केले, ही कथा आपल्या भाषेत इतकी मुरली की तिचा वाक्प्रचार झाला. तो मूळ कागद कोणा संशोधकाने पुढे ठेवलेला नाही. पण एक कपटी बाई सापडली आणि प्रकरण मिटले. राघोबाला या कटाची कितपत कल्पना होती, सुमेरसिंग गारदी आणि त्याच्या साथीदारांचा थकलेल्या पगाराचा तंटा यात किती होता, वाड्यातले कोण कोण गप्प राहिले, हे प्रश्न एका अक्षराच्या खाडाखोडीखाली गाडले गेले. रामशास्त्र्यांना चौकशी करावी लागली. आपल्याला ती गरजही उरली नाही.

हेच काम पुढे आपल्या ऐतिहासिक कादंबरीने घाऊक प्रमाणावर केले. बखरकाराला निदान 'असे म्हणतात' म्हणण्याची लाज वाटत नसे. त्याची बाजू उघड असते, त्याचा आश्रयदाता ठाऊक असतो, एका बखरीला दुसरी बखर खोडून काढते. वाचणाऱ्याला पंचाची जागा मिळते. कादंबरीकार मात्र थेट पेशव्याच्या डोक्यात जाऊन बसतो आणि तिथून स्वगत ऐकवतो. वर्गात मी एकदा विचारले, सवाई माधवरावांचा मृत्यू कसा झाला? एका विद्यार्थ्याने तत्काळ उत्तर दिले, आत्महत्या. आणि पडण्यापूर्वी पेशवे मनात काय म्हणाले तेही सांगितले. कुठे वाचले, ते त्याला आठवत नव्हते. वाक्य पाठ होते. त्याच्याच बाकावरचा दुसरा मुलगा फावल्या वेळात मॉरोविंड खेळणारा. तो म्हणाला, "सर, हे कोणी लिहिलंय? त्याचा काय फायदा होता?" साधनचिकित्सेचा हा पहिला प्रश्न. तो त्याला आमच्या अभ्यासक्रमाने शिकवलेला नाही, हे नमूद करून ठेवतो.

एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. इतिहासात जे घडले ते एकदाच आणि एकाच प्रकारे घडले. आपल्याला ते कळो वा न कळो. कल्पित जगात पानाच्या पलीकडे काहीच नसते. ड्वेमर कुठे गेले या प्रश्नाला दडलेले उत्तर नाही, निर्माते लिहितील तेव्हाच ते अस्तित्वात येईल. मग हे गूढ म्हणजे नुसती रिकामी पेटी नव्हे काय? माझे म्हणणे असे की, पेटीत काय आहे यापेक्षा ती कोणी कोणी, कशासाठी कुलूपबंद केली हे पाहण्यासारखे असते. नेरेवारच्या मृत्यूचे कोडे टिकते, कारण त्यातला प्रत्येक साक्षीदार माणसासारखा खोटे बोलतो: भीतीने, श्रद्धेने, सत्तेसाठी. उत्तर काढून घेतले तरी साक्षी उरतात आणि त्यांत वाचण्यासारखे पुष्कळ असते.

याचा अर्थ प्रत्येक संदिग्धता मला मान्य आहे असा नाही. याच मालिकेतल्या १९९६ च्या 'डॅगरफॉल' या भागाला खेळणाऱ्याच्या निवडीनुसार निरनिराळे शेवट होते. पुढच्या भागांत त्यांतला कुठला खरा मानायचा, ही अडचण आली. निर्मात्यांनी तोडगा काढला: काळच काही काळ दुभंगला आणि सगळे शेवट एकदम घडले! चाहत्यांना याचे फार कौतुक आहे. मला ती पळवाट वाटते. सगळेच खरे असेल तर कोणीच खोटे बोललेले नाही, आणि कोणीच खोटे बोललेले नसेल तर तिथे रहस्य कसले? तो केवळ हिशेब जुळवणे झाले. गूढ आणि गोंधळ यांतला फरक पाहायचा असेल तर ही दोन उदाहरणे शेजारी ठेवावीत.

चाहत्यांनाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. ड्वेमरांविषयीचा 'अंतिम सिद्धांत' मांडून बाकीच्यांना गप्प करणारे उत्साही लोक आणि आमच्या परीक्षेची गाइडे लिहिणारे यांचे रक्त एकच. जी. ए. कुलकर्णींच्या 'रमलखुणा' (१९७५) मधल्या 'इस्किलार'सारख्या कथेचा प्रवास म्हणजे अमुक, देव म्हणजे तमुक, असे रकाने पाडून गुण वाटणारी पद्धत आपणच रुजवली. जी.एं.नी स्वतंत्र जग उभे केले आणि त्याचे स्पष्टीकरण द्यायचे नाकारले, तेव्हा आपण त्याला थोरवी म्हटले. तेच एखाद्या खेळाच्या लेखकाने केले की आळस?

मराठीत याला आधार नाही असेही नाही. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) विदुर हा धर्मराजाचा पिता असावा अशी शंका मांडली. संहितेतल्या बारीक खुणा त्यांनी एकेक करून पुढे ठेवल्या. पण सिद्ध झाले अशी दवंडी पिटली नाही. त्यांचा लेख वाचून महाभारतातले कोडे सुटत नाही. ते पहिल्यांदा दिसते.

आमच्याकडच्या पदव्युत्तर वर्गाला 'साहित्य आणि इतिहास' असा घटक असेल तिथे मॉरोविंडमधली नेरेवारच्या मृत्यूची परस्परविरोधी टिपणे आणि नारायणरावाच्या खुनाच्या हकिकती एकत्र वाचायला द्याव्यात, अशी माझी सूचना आहे. ती एका बैठकीत मी मांडली तेव्हा हशा पिकला. हसणाऱ्यांपैकी एकाने जाता जाता मला विचारले, "पण ड्वेमरांचं शेवटी झालं काय?"