मंदीची पहिली कुऱ्हाड कोणावर?

मंदी आली की कारखान्यात सर्वात आधी एक यादी तयार होते. माल गोदामात पडून आहे, बँकेचा हप्ता थकला आहे, तेव्हा माणसे कमी करा, असा हुकूम वरून सुटतो. यादी करण्याचे काम मात्र मनुष्यबळ विभागाच्या, म्हणजे एच.आर.च्या टेबलावर येते. खामगाव-मलकापूरच्या एमआयडीसीत काय किंवा बुलडाणा जिल्ह्यातली पोरे पोटासाठी जातात त्या चाकण-वाळूजमध्ये काय, रीत एकच. त्या यादीत पहिली नावे कोणाची असतात? ठेकेदाराकडच्या सफाई कामगाराची, हमालाची, पॅकिंगवरच्या बाईची, नुकत्याच लागलेल्या आयटीआयच्या पोराची. ही माणसे कोणत्या वस्त्यांतून येतात, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

याला इतिहास आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धाग्याला तोंड लावावे लागते, इतरांना विटाळ होतो, हे कारण. जास्त मजुरी नेमकी त्याच खात्यात होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर मांडला. ज्याला चांगल्या कामावर उशिरा घेतले किंवा घेतलेच नाही, तोच मंदीत आधी बाहेर फेकला जातो. म्हणून कामगार कपात हा नुसता हिशेबाचा प्रश्न नाही, तो सामाजिक न्यायाचाही प्रश्न आहे.

मग एच.आर. अधिकाऱ्याने काय करावे? कपात ही शेवटची पायरी आहे, हे त्याने मालकाला ठणकावून सांगावे. आधी नवी भरती थांबवा, ओव्हरटाइम बंद करा, वरच्या साहेबांचे पगार कमी करा. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये टाटा समूहातील वरिष्ठांनी आपल्या पगारात कपात स्वीकारली होती. काम अर्धे उरले असेल तर पाळ्या वाटून घ्या. रिकाम्या दिवसांत प्रशिक्षण द्या. झाडू मारणाऱ्याला मशीन शिकवण्याची संधी मंदीतच मिळते. आणि कंपनीची खरी स्थिती युनियनसमोर मांडा. कामगाराला आकडे कळतात, त्याला फसवणूक तेवढी सहन होत नाही.

यात मालकाचाही फायदाच आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने सुमारे १९०० कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी पाठवले. त्यांत प्रोबेशनवरची तरुण मुले-मुली मोठ्या संख्येने होती. देशभर गदारोळ झाला आणि दोनच दिवसांत सर्वांना परत घ्यावे लागले. पैसा वाचला नाही, अब्रू मात्र गेली. २०२० च्या टाळेबंदीत मजूर पायी गावी गेले, आणि कारखाने सुरू होताच मालकांना गाडीभाडे देऊन त्यांनाच परत आणावे लागले. शिकलेला हात बाजारात विकत मिळत नाही.

कपात टळतच नसेल तर ती कायद्याने झाली पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागते. नवे कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीत मालकाने आणखी पंधरा दिवसांचा पगार भरायचा आहे. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर कमी केलेल्यांना प्राधान्य आहे. पण पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागत असे, ती मर्यादा आता ३०० वर गेली. त्याखालच्या कारखान्यात सरकार आधी विचारायला येणार नाही. तिथे कामगार आणि अन्याय यांच्यामध्ये बहुतेक वेळा एकटा एच.आर. अधिकारीच उभा असेल.

वकिली करताना एक कागद माझ्यासमोर वारंवार येतो. 'घरगुती कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे.' मजकूर टाइप केलेला, खाली थरथरत्या हाताची सही. पंधरा-पंधरा वर्षांची नोकरी त्या एका ओळीत बुडते, कारण राजीनामा दिला की ती कपात राहत नाही आणि भरपाई मिळत नाही. हा कागद मालक स्वतः टाइप करीत नाही. तो एच.आर.च्या टेबलावरच तयार होतो. बांधवांनो, वाचल्याशिवाय सही करू नका. सही करण्यापूर्वी युनियनला किंवा वकिलाला कागद दाखवा.

आणि आता आपल्याच मुलांशी बोलायचे आहे. एम.एस.डब्ल्यू., एम.बी.ए. होऊन आपली मुले-मुली आज त्या टेबलामागे बसू लागली आहेत. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. सरकार, मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून प्रश्न सोडवावेत, म्हणून त्रिपक्षीय परिषदा त्यांनी चालवल्या. त्यांच्यामुळे शिकलेल्या माणसाने मालकाचा नुसता कारकून होऊ नये. तुमच्यासमोर यादी येईल तेव्हा ती बंद खोलीत करू नका, नोटीस बोर्डावर लावा. प्रत्येक नावापुढे कारण लिहा. कंत्राटी कामगारालाही माणूस म्हणून मोजा. आणि जिथे कोऱ्या कागदावर सही मागितली जाते, तिथे 'हे माझ्या हातून होणार नाही' असे म्हणण्याची हिंमत ठेवा. मंदी आज ना उद्या जाईल. त्या यादीत आपण कोणाचे नाव का लिहिले, याचा जाब मात्र समाज आपल्याला विचारणारच.