आधी पाहा, मग मत द्या

दिवाळी अंकाच्या संपादकीयात वर्षभराचा ताळेबंद मांडायची रीत आहे. पाऊस कसा पडला, कापसाला काय भाव मिळाला, कोण निवडून आलं. यंदा ती रीत बाजूला ठेवतो आणि टीव्हीवरच्या स्पर्धा पाहणाऱ्या आपल्या सगळ्यांबद्दल लिहितो.

२००९ साली विदर्भाची वैशाली माडे हिंदी 'सा रे ग म प' जिंकली, तेव्हा आपल्याकडे कित्येकांनी मोबाइलचा बॅलन्स संपेपर्यंत एसएमएस केले. आधी २००५ मध्ये अभिजीत सावंत 'इंडियन आयडॉल' झाला तेव्हाही घरोघरी हेच चाललं होतं. एकेका मेसेजला नेहमीपेक्षा जास्त पैसे पडत आणि आपल्या मतावर दुसऱ्यांचा धंदा होई, हे कळूनही आपण मतं देत होतो. त्यातली बरीचशी मतं 'आपली पोरगी' म्हणून गेली, हे मान्य करू. तरीही त्यांना एक आधार होता. गाणं आपण पुरतं ऐकलेलं असायचं. खंजिरीच्या भजनात बसणाऱ्या माणसाला सूर लागला की घसरला, हे परीक्षकाने सांगावं लागत नाही.

फोटोच्या स्पर्धेचं तसं होत नाही. २०१६ मध्ये युरोपात स्काय आर्ट्स वाहिनीवर 'मास्टर ऑफ फोटोग्राफी' ही स्पर्धा सुरू झाली. हौशी आणि व्यावसायिक दोघांनाही दार उघडं, बक्षीस १,५०,००० युरोंचं आणि परीक्षकांत बेनेटनच्या वादग्रस्त जाहिरातींमुळे गाजलेले ओलिव्हिएरो तोस्कानी. पहिल्या वर्षी जिंकला तो इटलीचा गाब्रिएले मिकालिझ्झी, युद्धभूमीवर काम करणारा छायापत्रकार. हौशी माणसाने त्याच्यासमोर कसं टिकायचं, हा प्रश्न कोणत्याही प्रेक्षकाला पडेल. मला त्याहून मोठी अडचण दिसते ती दुसरीच. अशा कार्यक्रमात फोटो पडद्यावर येतो तो काही सेकंद. उरलेला वेळ स्पर्धकांची धावपळ, परीक्षकांच्या भुवया आणि कोणाचे तरी डोळे पुसणं. यात वाहिनीला तरी किती बोल लावणार? स्थिर चित्र दोन मिनिटं दाखवलं तर आपण रिमोट उचलू. मग प्रेक्षक बोलतो तो स्पर्धकाच्या स्वभावाबद्दल. कोण उर्मट, कोण बिचारा. फोटोत काय होतं, ते कोणाला आठवतही नाही.

या अंकासाठी तालुक्यातल्या हौशी मंडळींकडून फोटो मागवले, तेव्हा हे डोक्यात होतं. परीक्षक अमरावतीहून बोलावले, पण त्यासोबत सगळे फोटो आठवडी बाजाराच्या दिवशी बनोशात दोरीवर टांगले आणि कागदाच्या चिठ्ठीवर मतं मागितली. चंद्रभागेचा पूर होता, लासूरच्या आनंदेश्वर मंदिराचे खांब होते, पूर्णेच्या पात्रातली संध्याकाळ होती. सर्वाधिक चिठ्ठ्या कोणाला पडल्या? शकुंतलेला. मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरच्या, बंद पडलेल्या आपल्या छोट्या गाडीच्या गवतात बुडालेल्या रुळांचा तो फोटो चक्क हललेला होता. पण चिठ्ठ्यांवर लिहिलेलं होतं, 'मामाच्या गावाला जायची गाडी', 'बाबा याच गाडीने शाळेत जायचे'. मत आठवणीला पडलं होतं, फोटोला नाही. एसएमएसचाच हा कागदी अवतार.

परीक्षकांनी पहिला नंबर दिला तो कपाशीच्या फोटोला. कोवळं तिरपं ऊन, फुटलेल्या बोंडांवर चमकणारं दव आणि मधे वेचणीला वाकलेली बाई. प्रकाश आणि मांडणी, दोन्हींत खोट काढायला जागा नव्हती. बाजाराला आलेली एक म्हातारी बाई त्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. हातातली पिशवी खाली ठेवली, जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "दव असतानी कोनी कापूस येचते काय? अन् वटी तं रिकामीच दिसून राह्यली."

वेचणी दव सुकल्यावर सुरू होते. ओला कापूस डागाळतो, गंजीत तापतो आणि व्यापाऱ्याला भाव पाडायला निमित्त मिळतं. फोटो काढणारा कॉलेजचा मुलगा तिथेच होता. उजेड चांगला मिळावा म्हणून शेजारच्या काकूंना भल्या सकाळी उभं केलं होतं, हे त्याने हसत कबूल केलं. पुढच्या आठवड्यात तो भर दुपारी शेतात गेला. त्या फोटोत ऊन भगभगीत आहे, सावल्या काळ्याकुट्ट. पण ओटी फुगलेली आहे, आणि बोंडाच्या वाळक्या टोकांनी ओरखडलेली बोटं दिसतात.

परीक्षकांचा निकाल आम्ही बदललेला नाही. त्यांना जे दिसलं तेही खरंच होतं. दोन्ही फोटो शेजारी-शेजारी छापले आहेत. त्या बाईंचं मत मोलाचं ठरलं, कारण त्या थांबल्या आणि त्यांना त्या कामाची जाण होती. अकोल्याच्या सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले तेही त्या माणसांत वावरून. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे ते कृष्णधवल फोटो काही सेकंदांत उरकता येत नाहीत. काढायला जो वेळ लागला, त्यातला थोडा तरी पाहणाऱ्याने द्यावा लागतो.

म्हणून या अंकात एक गोष्ट मुद्दाम केली आहे. फोटोंखाली नावं नाहीत, ती शेवटच्या पानावर एकत्र दिली आहेत. नाव दिसलं की गाव आठवतं, आणि गाव आठवलं की आपलं मत तिथेच ठरून जातं. आधी फोटो पाहा. मग आम्हाला पत्र पाठवा, पण 'छान' किंवा 'आवडला' एवढ्यावर भागवू नका. काय दिसलं, काय खटकलं, काय खोटं वाटलं ते लिहा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू आणि परीक्षकांनाही वाचायला देऊ.

तुम्हा सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. कापूस कोरडा घरी येवो आणि त्याला भावही मिळो.

— संपादक